गाडी घसरते तिथं

आमचे घरमालक मोटार मेकॅनिक होते. पण त्यांच्याकडे राहायला आल्यावर वर्षभर त्यांच्या हातात पाना असलेला मी एकदाही पाहिला नाही.

जिंतूर रोडला, शहर संपता संपता, पत्र्याची एक लांबट शेड होती आणि शेडला चिकटून चार खोल्या. त्यातली कोपऱ्यातली माझी. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात नवी नवी नर्स म्हणून लागले होते. माहेर औशाकडचं, परभणीत ओळखीचं कुणी नाही. शेडच्या तोंडाशी वेताची एक खुर्ची असायची आणि तिच्यात इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट घातलेले साठीच्या आसपासचे एक गृहस्थ दिवसभर बसलेले असायचे. आत दोन मिस्त्री खटपट करत, काळ्या हातांनी चहा पीत. ह्या गृहस्थांच्या बाहीला डाग नाही. मला वाटलं, रिटायर्ड मास्तर असतील, उन्हाला येऊन बसत असतील. मग कळलं की तेच वस्ताद. सगळी परभणी त्यांना वस्तादच म्हणायची. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे, पण वस्तादांना दुसरं काही म्हणायचं मलाही कधी सुचलं नाही.

राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या तारेवर वाळत घातलेले पांढऱ्या धोतराचे दहा-बारा तुकडे मी पाहिले. प्रत्येकावर तेलाचा एकेक डाग. मला मावशींची कीव आली. साबण लावून मी ते तुकडे स्वच्छ धुऊन काढले आणि परत तारेवर टाकले. संध्याकाळी वस्ताद तारेपाशी उभे राहिले ते उभेच राहिले.

"हे कोणी धुतलं?"

"मी," मी अभिमानाने म्हणाले.

"सिस्टरबाई," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात लोकांचं रगत तपासायला घेतेत, ते बी आसंच धुऊन टाकता का?"

प्रत्येक गाडीच्या तेलाचा एक थेंब ते कापडावर टाकून तसाच पसरू देत. मधे काळं किती, कडेला पिवळं किती, पाण्याचं वर्तुळ सुटतंय का, वास कसला येतोय. त्यावरून त्यांची निम्मी परीक्षा व्हायची. माझ्यामुळे अकरा गाड्यांची परीक्षा परत घ्यावी लागली. मावशी मात्र तीन दिवस हसत होत्या. "तीस वर्षं माझ्या मनात होतं ते धुवायचं," म्हणाल्या. "माझा हात झाला न्हाई."

गाडी घेऊन येणाऱ्याने खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसायचं आणि सांगायचं, असा तिथला नेम होता. जीपवाला असो की ट्रकवाला, आधी बसायचं. आणि काय बिघडलंय ते त्याने सांगायचं नाही.

"वस्ताद, क्लच गेला."

"कुठं गेला?"

"म्हंजी... क्लचप्लेट गेली."

"तुमी काय होतंय ते सांगा. काय गेलं ते मी सांगतो. आन् तुमालाच म्हाईत आसंल तर माझ्याकडं कामून आलाव?"

मग प्रश्न सुरू व्हायचे. गाडी थंड असताना होतं का तापल्यावर? चढाला का सपाटीला? गाडीत किती माणसं होती? आधी आवाज आला का आधी वास? माणूस कंटाळायचा, घड्याळ बघायचा. मिस्त्री अधीर होऊन विचारायचे, "वस्ताद, खोलून बघू का?" त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "खोलायला काय, पोतं तर उंदीर बी खोलतो."

दवाखान्यातला एक मोडका स्टेथोस्कोप मी त्यांना आणून दिला होता. मोठ्या उत्साहाने त्यांनी तो कानाला लावला, चालू इंजिनावर टेकवला आणि लगेच काढून माझ्या हातात दिला. "हे समदं एकदमच सांगायलंय. मला एका वक्ती एकच पायजे." त्यांच्याकडे बाभळीची एक काठी होती, हातभर लांब. तिचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटलेले. अशा वेळी शेडमध्ये कुणी शिंकलेलंसुद्धा त्यांना चालत नसे.

एका साहेबांची सरकारी जीप होती. तिच्यात मागून खडखड यायची, आणि ती फक्त साहेब बसले की. ड्रायव्हर एकटा असला की गाडी गप्प. तीन गॅरेजांनी मागचे स्प्रिंगचे पाटे काढून बसवले होते. वस्ताद साहेबांच्या शेजारी बसून पोखर्णीपर्यंत गेले, नृसिंहाचं दर्शन साहेबांना करू दिलं, आणि परत आल्यावर साहेबांच्या चामडी बॅगेची सैल कडी पिळून घट्ट केली. खडखड थांबली. साहेबांना राग आला होता, असं ड्रायव्हर नंतर सांगत होता.

ही सगळी विद्या हैदराबादची. तरुणपणी तिथल्या एका नवाबाच्या मोटारखान्यात ते होते. तिथल्या म्हाताऱ्या इंग्लिश मेकॅनिकने पहिली दोन वर्षं त्यांना नुसतं ऐकायला लावलं होतं, पान्याला हात लावू दिला नव्हता. 'इत्मिनान' हा त्यांचा आवडता शब्द तिथलाच. "इत्मिनान से," ते मिस्त्र्यांना म्हणायचे. त्या मोटारखान्यात दोन अमेरिकन गाड्या अशा होत्या की त्यांना क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. वस्ताद त्या गाड्यांबद्दल बोलायला लागले की हातातला चहा निवून जायचा. "तेलावर चालतो तो गिअरबॉक्स, सिस्टरबाई. लाल तेल. आत दाताला दात न्हाई लागत. तेलच पट्ट्यांना दाबून धरतं. तेलाचा जोर कमी झाला की पट्ट्या घसरल्या. इंजिन बोंबलतं आन् गाडी जागची हालत न्हाई." परभणीत अशी गाडी मी तरी पाहिली नव्हती. मी हं हं करत ऐकायची.

त्यांच्या गावाबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत. झरीच्या थोडं पुढे एक रस्ता आत फुटतो, त्या रस्त्यावर त्यांचं गाव. नाव घेत नाही. तिथं आजही माणसं राहतात. मला एवढंच माहीत होतं की ते त्या बाजूचे आहेत, आणि एखादी गाडी चालवून बघायला त्या बाजूला गेले तर झरीवरूनच माघारी फिरतात.

आता खरी गोष्ट सांगते.

माझं दुसरं वर्ष असेल. आमच्या वॉर्डात एक बाई यायच्या. वय पंचावन्नच्या पुढे, उजवं अंग लुळं पडलेलं, बोलणं जड झालेलं. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. आठवड्यातून एकदा त्यांना शेक आणि व्यायामासाठी आणत. घरचे मोठे शेतकरी. ड्रायव्हर त्यांच्या नवऱ्याला 'मालक' म्हणायचा म्हणून आम्हीही मालकच म्हणू लागलो, आणि त्यांना मालकीणबाई. चैत्रातल्या एका दुपारी त्यांना आणलं तेव्हा त्यांचे ओठ कोरडे ठणठणीत पडले होते, नाडी हाताला लागत नव्हती. गावाजवळच्या ओढ्याच्या चढावर गाडी बंद पडली होती. तीन तास त्या उन्हात गाडीतच होत्या. शेवटी बैल लावून गाडी वर ओढली होती. मी सलाईन लावलं. मालक दाराशी उभे होते, उंच, पांढऱ्या मिशा, हातातली टोपी चुरगाळत.

"जीपनं का आणत नाही?" मी रागानेच विचारलं.

"जीपचे हादरे सोसत न्हाईत तिला. ही गाडी पलंगावानी हाय, आडवी निजून येती. दुसऱ्यांदा दगा दिला गाडीनं. क्लच न्हाई तिला, गिअर आपोआप पडतेत. नांदेडला दाखवली, औरंगाबादला दाखवली. गिअरबॉक्स फेकून द्या म्हणायलेत."

मी चटकन म्हणाले, "आमच्या घरमालकांना दाखवा. त्यांना या गाड्या माहीत आहेत."

पत्ता दिला. त्यांनी वस्तादांचं नाव विचारलं नाही, मी गावाचं नाव विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी संध्याकाळची पाळी होती, म्हणून सकाळी मी घरीच होते. आकाशी रंगाची, होडीसारखी लांब एक जुनी अमेरिकन गाडी अंगणात शिरली. मिस्त्र्यांनी हातातलं काम टाकलं. मला वाटलं, वस्ताद आता लहान पोरासारखे पळत येतील. ते खुर्चीतच होते. मालक उतरले, चार पावलं पुढे आले आणि थांबले.

"काय रे—" ते म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "काय वस्ताद."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. भर सकाळी ते दार लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

 वस्तादांनी स्टुलाकडे हात केला. "बसा."

मालक त्या स्टुलावर बसले. आणि वस्तादांनी नेहमीच्या आवाजात विचारायला सुरुवात केली. कधी होतं? ओढ्याच्या चढावर. सपाटीला? सपाटीला कधी कधी, लय चालल्यावर. थंड गाडीला? न्हाई. इंजिन? इंजिन जोरात, गाडी मागं मागं. आणखी काही?

"पांढरा धूर टाकायलीय. पण ते इंजिनाचं दुखणं हाय, येगळं. त्यासाठी रिंगा बदलल्या दोन म्हैन्याखाली."

"धूर थांबला?"

"न्हाई."

"खाली तेल गळतं का?"

"थेंब न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "रोज बघतो. गिअरबॉक्सचं तेल बी काडीनं बघतो, ठीक हाय."

"इंजिन बंद करून बघता का चालू ठिवून?"

"बंद करून."

वस्ताद पहिल्यांदा उठले. गाडी चालू ठेवायला सांगितली, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग गिअरबॉक्सची तेलकाडी ओढली. टोक जेमतेम ओलं होतं. त्यांनी तो थेंब धोतराच्या तुकड्यावर टाकला. गुलाबी डाग हळूहळू पसरला. त्यांनी तो नाकाशी धरला, मग माझ्यापुढे केला.

"जळका वास येतो का?"

"नाही."

"मधी काळं हाय का?"

"नाही."

"म्हंजी पट्ट्या जित्या हायत. गिअरबॉक्स मेला न्हाई, उपाशी हाय." ते मालकांकडे वळले. "आता गाडी घसरते तिथं मला बघायची. ओढ्यावर. आन् त्या दिवशी गाडीत जेवढी माणसं होती तेवढी पायजेत."

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. "ओढ्यावर? तुमी येताव?"

"उद्या सकाळी आठला," वस्ताद म्हणाले.

गाडी गेल्यावर मावशींनी मला आत बोलावलं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यातलं त्यांनी सांगितलं. चुलीपुढे बसून, तांदूळ निवडत, मान वर न करता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावागावांतून आम्हा दलितांच्या वस्त्या पेटल्या, ते मी पेपरात वाचलं होतं. वस्तादांचं घर गावाच्या तोंडाशीच होतं. हैदराबादच्या कमाईतून बांधलेलं, दोन खोल्यांचं, सागवानी दारांचं. त्या दिवशी गावातलीच माणसं आली. मावशी मागच्या दाराने मालकांच्या माडीकडे पळाल्या. चिरेबंदी घर, मोठा दिंडी दरवाजा. वस्तादांनी वर्षानुवर्षं त्यांच्या विहिरीवरचं इंजिन सांभाळलं होतं. मावशींनी दार ठोठावलं. आत माणसं होती, बोलणं ऐकू येत होतं. दार उघडलं नाही. मग त्या उसाच्या फडात रात्र काढून परभणीला आल्या. जळलेल्या घरातून शिलाई मशीनचं नुसतं मुंडकं घेऊन वस्ताद दुसऱ्या दिवशी आले. तेवढंच वाचलं होतं.

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी बाहेर आले आणि वस्तादांना म्हणाले, "मला माहीत नव्हतं. मी त्यांना पाठवायला नको होतं."

"तुमी पेशंटला गाव इचारून सलाईन लावता का?"

"नाही."

"मग." थोडा वेळ ते बाहीचं बटण चाचपत राहिले. "पण मला तरास झाला न्हाई, आसं न्हाई हां."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मालकीणबाईंना दोन रात्री दवाखान्यातच ठेवलं होतं, त्यांना सोडायचं होतं, आणि गाडीत तेवढीच माणसं हवी होती. म्हणून मागच्या बाकावर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. पुढच्या लांब बाकावर ड्रायव्हर आणि मालक, आणि चाकाशी वस्ताद. स्टिअरिंगजवळची दांडी त्यांनी खाली ओढली आणि गाडी निघाली.  वस्तादांनी काच खाली केली होती. गरम वारा आत येत होता. प्रत्येक गिअर पडला की त्यांची हनुवटी किंचित हलायची. झरी आली. झरी मागे गेली. मी आरशात त्यांचा चेहरा बघत होते. त्यात मला काहीच दिसलं नाही.

आत फुटणारा रस्ता, मग उतार, मग ओढा. पाणी आटलेलं, नुसती वाळू. गाडी चढाला लागली आणि एकदम इंजिनाने हंबरडा फोडला. आवाज वाढत गेला आणि गाडी मात्र थबकली, मग मागे सरकू लागली. मालकीणबाईंनी डाव्या हाताने माझा पदर घट्ट धरला. वस्तादांनी ब्रेक दाबून गाडी थोपवली. इंजिन चालूच ठेवलं.

"सिस्टरबाई, खाली उतरा. मागं जाऊन धुराचा वास घ्या. ह्याला सांगितलं आसतं, पण हा बिडी वडतो, ह्याच्या नाकाचा भरवसा न्हाई."

मी उतरले. मागच्या नळीतून पांढरा दाट धूर येत होता. पेट्रोलचा नव्हे, साध्या काळ्या तेलाचाही नव्हे. काल कापडावरचा होता तोच वास, फक्त करपलेला.

"काल नाकाशी धरलं होतं तेच," मी म्हणाले.

वस्ताद हसले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. इंजिन बंद करून, चाकामागे दगड लावून ते खाली उतरले आणि त्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी सरळ वाळूत उताणे झाले, गाडीखाली सरकले. मी ओरडलेच, "वस्ताद, शर्ट!" थोड्या वेळाने त्यांचा हात बाहेर आला. त्यात करंगळीएवढी एक रबरी नळी होती, गाडीला लोंबकळणारी. तिच्या तोंडातून लाल तेल ठिबकत होतं.

"ह्या नळीत नुसती हवा पायजे," खालून आवाज आला. "ही इंजिनाकडून येते, गिअरबॉक्सच्या कडेला एक डबी हाय तिला लागते. डबीत रबराचा पडदा. पडदा फाटलाय. इंजिन त्या नळीतनं गिअरबॉक्सचं तेल प्यायलंय, दोन दोन, चार चार घोट. म्हणून खाली गळत न्हाई. म्हणून पांढरा धूर. दुखणी दोन न्हाईत मालक, एकच हाय."

"पण मग चढावरच का घसरते?" मालकांनी विचारलं.

"बशीत थोडाच चहा उरला आन् बशी वाकडी केली, तर चहा एका अंगाला जातो का न्हाई? तोंडाला हवाच लागते."

ते बाहेर आले तेव्हा पाठीला वाळू आणि छातीवर हातभर लाल डाग होता. डिकीत लाल तेलाचा डबा होता, तो ओतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पेन्सिल हाय का?" माझ्या पर्समध्ये टेंपरेचर लिहायची पेन्सिल होती. तिचा बोटभर तुकडा मोडून त्यांनी नळीच्या तोंडात ठोकला. "आता झटके देईल, पण चढंल."

गाडी चढली. झटके देत, पण एका दमात. आणि चढ संपताच डाव्या हाताला ते घर आलं. मला कुणी सांगावं लागलं नाही. भिंती छातीएवढ्या उरल्या होत्या, काळ्या. चौकटीची जागा रिकामी होती. पुढे एक मोठा कडुलिंब आणि त्याला बांधलेली कुणाची तरी म्हैस. वस्तादांनी गाडी थांबवली.

 मग माझ्या मांडीवरून मालकीणबाईंचा आवाज आला. एकेक शब्द ओढत.

"मी... म्हणले... होते. दार... उघडा."

मालकांचं डोकं खाली गेलं. ते म्हणाले, "तवाची येळच तशी होती, वस्ताद. आख्खं गाव—"

"येळंचं नका सांगू," वस्ताद समोर बघत म्हणाले. "गावाचं बी नका सांगू. तुमी काय केलं ते सांगा."

ड्रायव्हर काचेबाहेर बघायला लागला.

"मी आत होतो," मालक म्हणाले. "तुमच्या बायकोचा आवाज वळखला मी. आन् दाराला आडणा घातला. ह्या हातानं घातला."

"हां," वस्ताद म्हणाले.

एवढंच. त्यांनी माफ केलं नाही, शिवी दिली नाही, ते रडलेही नाहीत. दांडी खाली ओढली आणि गाडी मालकांच्या दाराशी नेली. मालकीणबाईंना आम्ही आत निजवलं. वस्ताद उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मालक म्हणाले, "अंगणात लावा गाडी, इथंच काम करा. चहा सांगतो." वस्ताद म्हणाले, "मला सावली पायजे," आणि गाडी परत फिरवून आपल्या घरापुढे, त्या कडुलिंबाखाली आणली. म्हैस सोडून दुसरीकडे बांधली.

तिथे त्यांनी बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या हातात पाना मी पहिल्यांदा पाहिला. मुठीएवढी ती डबी त्यांनी काढली, कडा उचकटल्या, फाटका पडदा मला दाखवला. नखाएवढी चीर होती. मग खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात जीपच्या पेट्रोल पंपाचा नवा पडदा होता, कापून बरोबर त्या मापाचा गोल केलेला.

मी बघतच राहिले. "म्हणजे तुम्हाला कालच कळलं होतं!"

"अंदाज होता."

"मग इथवर कशाला आलात?"

"अंदाजावर मी पाना लावत न्हाई," ते म्हणाले आणि डबीच्या कडा ठोकायला लागले.

हळूहळू माणसं जमली. लांब लांब उभी राहिली. त्यांच्यात त्या दिवशी आलेली किती आणि न आलेली किती, मला कळणं शक्य नव्हतं. वस्तादांना कळत असणार. ते वर बघत नव्हते. शेवटी एक म्हातारा शेतकरी पुढे आला आणि म्हणाला, "वस्ताद, माझ्या हिरीवरचं इंजान पाणी उचलंना झालंय. वायसर गेलाय बहुतेक."

"काय होतंय ते सांगा," वस्ताद म्हणाले. मान खालीच होती. म्हातारा समोर मातीत बसला आणि सांगू लागला.

पुढे ती गाडी पाच-सहा वर्षं चालली. मालकीणबाई होत्या तोवर तिच्यातूनच यायच्या, आणि मला बघितलं की डावा हात उचलायच्या. मालकांनी घर बांधून देतो असा निरोप पाठवला होता. वस्तादांनी ड्रायव्हरकडे उलट निरोप दिला, "मला गाडीत सांगितलं ते चावडीवर सांगा म्हणावं. घराचं माझं मी बघतो." वर्ष गेलं, काही झालं नाही. मग एकदा ड्रायव्हर पळतच आला. गावात पुन्हा काही कुरबुर झाली होती, बैठक बसली होती, आणि मालक उठून ते सगळं बोलले होते. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण स्वतःचं घेतलं होतं. पुतणे बैठकीतून उठून गेले. वस्तादांनी ऐकून घेतलं. "उभं राहून बोलले का बसून?" त्यांनी विचारलं. "उभं राहून," ड्रायव्हर म्हणाला. त्या दिवशी मिस्त्र्यांना त्यांनी लवकर सुट्टी दिली.

माझी बदली झाली, लग्न झालं, लातूरला संसार झाला. चौऱ्याण्णव साली संक्रांतीनंतर मी परभणीला आले तेव्हा वस्ताद त्याच खुर्चीत होते. मात्र कान गेले होते. विद्यापीठाला नाव दिल्याची बातमी नुकतीच आली होती. जुन्या नावाला नवं नाव जोडलं होतं. रस्त्यावर निळे झेंडे दिसत होते. मी त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "ऐकलं का?" ते म्हणाले, "आपोआप न्हाई पडला हा गिअर. सोळा वर्षं लागली, लय झटके बसले, आन् आर्धाच पडला. पण पडला." त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. मला पोचायला उशीर झाला.

हे सगळं नंतरचं. त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

आम्ही परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. मावशी अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. सकाळी आम्ही निघताना त्या बाहेर आल्या नव्हत्या. वस्ताद गाडीतून उतरले, खुर्चीत बसले. मावशींनी त्या लाल डागाकडे पाहिलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यांनी ते एका घोटात संपवलं. मावशी परत पाखडायला बसल्या. 

"घराकडून गेला होता का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. तिथंच काम केलं."

"काय ऱ्हायलंय?"

वस्तादांनी रिकामा तांब्या खाली ठेवला.

"लिंब लय मोठा झालाय," ते म्हणाले. "आख्खी गाडी सावलीत बसली."

मावशींचे हात थांबले. त्या माझ्याकडे वळल्या. "मी लावला तो," म्हणाल्या. "पाण्याला ओढ्यापोतूर जावं लागायचं. तरी रोज एक तांब्या त्याला घालायची. हे म्हणायचे, जगत न्हाई." मग वस्तादांना विचारलं, "फुललाय का? चैत हाय आता."

"फुललाय."

मावशी उठल्या, त्यांच्या खुर्चीमागे गेल्या आणि शर्टाच्या कॉलरमध्ये, मानेशी अडकलेली बारीक पांढरी फुलं एकेक करून वेचू लागल्या. वस्तादांनी मान खाली घातली आणि त्यांना वेचू दिली.